मांगरातली बाळंतीण

कट्टा गावच्या तिठ्यावर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांतली निम्मी माणसं काशीबाईने कधी ना कधी पायांनी उलटी धरून, पाठीत चापटी मारून रडवलेली होती. त्यांत मिशा फुटलेले होते, मिशा पिकायला लागलेलेही होते, आणि ती सगळ्यांशी त्याच नात्याने बोलायची. सरपंच मोटारसायकलवरून हॉर्न वाजवत आला की ही रस्त्याच्या मधोमध उभी. "वाजव, वाजव! जल्मलंस तेव्हा आवाज काढूक तयार नाय होतंस, आता भोंगे वाजवतंस!" सरपंच बिचारा गाडी बंद करून हसायचा. करतो काय? जिने आपल्याला पहिलं न्हाऊ घातलं तिच्यापुढे कसली आलीय सरपंचकी!

तिचं घर कट्ट्यापासून आत, काजूच्या उतारावर. नवरा कधीच गेला. मुलगा दत्ताराम ओरोसला सरकारी कचेरीत शिपाई, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. शनिवारी दुपारच्या गाडीने येणार, सोमवारी सकाळच्या गाडीने जाणार. घरामागे परड्यात एक मांगर होता. मांगर म्हणजे खरं तर गुराढोरांचा, लाकूडफाट्याचा आडोसा. पण काशीबाईने तिथे गुरं कधी बांधली नाहीत. डोंगरापलीकडच्या वाड्यांतल्या बायका दिवस भरत आले की त्या मांगरात येऊन राहायच्या. चिऱ्याच्या भिंती, सारवलेली जमीन, एक बाज, बाजेखाली शेगडी. किती जणी त्या बाजेवर मोकळ्या झाल्या, मोजदाद कोण ठेवतो?

मग रस्ते झाले, रिक्षा आल्या, दवाखान्याची गाडी थेट दारात यायला लागली. बरं झालं. काशीबाई स्वतःच तसं म्हणायची, कारण तिच्या हातून एक बाई गेली होती. बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी त्या बाईला हींव भरलं. दातावर दात वाजायला लागले, अंगावर सगळ्या वाकळी घातल्या, शेक दिला, तरी ती कापत कापत गेली. तिचं कापणं काशीबाईच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. त्यामुळे दवाखान्याला नावं ठेवायचं तोंड तिला नव्हतं. पण बरं झालं म्हणून सकाळी उठून करायचं काय? कोणी बोलवेना, कोणी विचारेना. मांगरातली बाज मोडली. तिथे नारळाची सोडणं, म्हणजे सोललेल्या साली, आणि माडाची सुकी चुडतं येऊन पडली. "हात आसत, हातांक काम नाय," असं ती म्हणायची, आणि ते म्हणताना भांडी अशी आपटायची की दोन घरं पलीकडे कळावं.

दोन हजार चार सालची थंडी. काशीबाईच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. रक्त नाही, पिसं नाहीत, ओरडा नाही. संध्याकाळी खुराड्यात घालायच्या आणि सकाळी एक कमी. तिने सरळ शेजारच्या बाबलीच्या कुत्र्याला धरलं.

"शिरा पडो तुज्या कुत्र्याच्या तोंडार! माजी तलंगी खाल्ल्यान!"

"काकी, माजो कुत्रो म्हातारो झालो. भाकरी बुडवून दिली तर खाता, तो तुजी तलंगी काय खातलो?"

पण ऐकेल ती काशीबाई कसली. बाबलीशी तिने बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन त्याला ऐकू जाईल असं स्वतःशी बोलायची.

चैत्र लागला. एके दिवशी दुपारी पाणी तापवायला सोडणं आणावीत म्हणून ती मांगरात गेली. उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसेना. मग कोपऱ्यात सोडणांच्या खळग्यात कोणीतरी जुना टायर टाकलाय असं वाटलं. ती मनात शिव्या घालत पुढे वाकली, आणि टायरने श्वास घेतला.

"आर! आर गो बाय माजे!"

आर म्हणजे अजगर. काशीबाईने आर बघितले नव्हते असं नाही. गवत कापताना बघितले होते, व्हाळाच्या काठी कोल्हं गिळून सुस्त पडलेला एक बघितला होता. पण स्वतःच्या घरामागे, हातभर अंतरावर, मांडीएवढा जाड? ती जी ओरडली ती ऐकून बाबली कोयता घेऊन कुंपण ओलांडून आला.

"ह्या बघ!" आत डोकावून तो आनंदाने ओरडला. "तुज्यो कोंबड्यो हिणाच खाल्ल्यान! आणि तू माज्या कुत्र्याक शिव्या घालत होतंस!"

"मार, मार तिका!" काशीबाई म्हणाली. तिला एकेक कोंबडी आठवत होती.

"मारतंयच. आणि चरबी काढून तुका देतंय. गुडघ्यांक लाव, वाऱ्यासारी धावशीत."

त्याने कोयता उचलला. आवाजाने म्हणा, सावलीने म्हणा, त्या वेटोळ्याचा वरचा फेरा जरासा सरकला. आत पांढरं काहीतरी दिसलं. काशीबाईने डोळे बारीक केले. अंडी. मुठीहून मोठी, लांबट, एकमेकांना चिकटलेली, ढीगभर. आणि त्या ढिगावर आरीण अशी बसली होती की कुठे फट म्हणून नाही, डोकं मात्र सगळ्यांत वर, दाराकडे वळलेलं. ती पळत नव्हती, अंगावर येत नव्हती. नुसती बघत होती. असं बघणं काशीबाईला चांगलं ओळखीचं होतं. त्याच मांगरात, त्याच कोपऱ्यात, पदराखाली पोर घेतलेल्या बायका दार उघडलं की अशाच बघायच्या.

"थांब!" तिने बाबलीचा कोयत्याचा हात धरला.

"आता काय झाला?"

"डोळे फुटले काय मेल्या तुजे? बाळंतीण आसा ती!"

बाबली तिच्याकडे बघतच राहिला. "काकी, तू खुळावलंस काय?"

"खुळावलंय तर खुळावलंय. भायर हो."

"अगो, तो आर आसा! उद्या तुका गिळीत!"

"माका गिळून तिका काय गावतला? हाडां? भायर हो म्हणतंय ना!" आणि मग काशीबाईला जे सुचलं ते दुसऱ्या कोणाला सात जन्मांत सुचलं नसतं. ती मांगराच्या दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे सुवेर आसा."

सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. ज्या घरात सुवेर, त्या घरचं पाणीसुद्धा देवाच्या कामातल्या माणसाने घ्यायचं नाही. आणि चैत्री पुनवेची देवीची पालखी आठ-दहा दिवसांवर आलेली. पालखीचा उजवा खांदा बाबलीच्या घराण्याचा. त्याच्या चुलतभावाची त्या खांद्यावर कधीपासून नजर, आणि हे काशीबाईला पक्कं ठाऊक.

"आराचा सुवेर आसता?" बाबलीचा आवाज खाली आला.

"मांगर कोणाचो? बाळंतपण कोणाच्या घरात झाला? माका सुवेर लागता तर तुका लागूचा नाय काय? उंबरठ्याच्या आत पाय आसा तुजो."

बाबलीने पाय असा मागे घेतला की पायाखाली विंचू दिसावा. देवळात जाऊन त्याने पुजाऱ्याला विचारलं. पुजाऱ्याने डोकं खाजवलं. असलं काही पोथीत नाही, पण देवीची परीक्षा कशाला घ्यायची, लांबच रहा म्हणाला. झालं! वाडीभर गजाल पसरली की काशीबाईकडे सुवेर आहे, आणि तरण्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणी मांगराकडे फिरकेना.

आता काशीबाईला दिवस कसा जातो ते कळेना. सकाळी उठून दारातून विचारायचं, "कशी आसस गो?" घमेल्यात पाणी भरून उंबरठ्याच्या आत सरकवायचं. कोंबड्या मांगराकडे वळल्या की त्यांना हाकलायचं. एक काळजी मात्र तिला लागली, बाळंतीण काही खात नव्हती. लंगडी कोंबडी मारून तिने पुढ्यात ठेवली. आरिणीने तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागलेली कोंबडी उचलताना काशीबाई भडकली. "चोरून खाताना बऱ्यो लागल्यो! आता मानान देतंय तर नको! बाळंतीण उपाशी रवली तर लोक माका काय म्हणतीत?"

शनिवारी दत्ताराम आला. मांगरात डोकावून आला आणि पडवीत मटकन बसला. "आये, ह्या वन खात्याक कळवूक व्हया. ह्येका कायदो आसा."

"कायदो बाळंतिणीक उठवूक सांगता?"

"विचारतंय तरी. सोमवारी ऑफिसातसून फोन करतंय."

सोमवारी तो गेला. आणि मंगळवारी काशीबाईच्या हातून जे व्हायचं ते झालं.

आदल्या संध्याकाळी वळिवाची सर येऊन गेली होती. सकाळी आभाळ भरलेलं, वारा गार. काशीबाईने मांगराच्या दारातून नेहमीसारखं विचारलं, "कशी आसस गो?" आणि आत वाकून बघितलं. आरीण थरथरत होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत, सगळ्या वेटोळ्यांतून एकेक उचकी लागल्यासारखा झटका जात होता. थांबायचा, परत यायचा. सोडणं त्याने करकर वाजत होती.

"हींव भरला," काशीबाई पुटपुटली.

तिच्या डोळ्यांपुढे ती जुनी बाई उभी राहिली. तोच मांगर, तेच कापणं. त्या वेळी शेक द्यायला उशीर झाला होता, आता होऊ द्यायचा नाही. ती धावत घरात गेली, माळ्यावरून जुनी शेगडी काढली, चुलीतले रसरशीत निखारे भरले, वर ओवा टाकला, लसणाची सालं टाकली. बाळंतिणीला धुरी देतात तशी सगळी सिद्धता केली. मनात बरंही वाटत होतं तिला. खोटं कशाला बोलायचं? कितीतरी वर्षांनी कोणाला तरी तिच्या हातांची गरज पडली होती. शेगडी तिने अंड्यांच्या जवळ, आरिणीच्या तोंडासमोर ठेवली आणि वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं.

चुलीवर पेज ठेवून ती वळते आहे तोच मांगरात धडाधड आवाज झाला. ती मागच्या दारात आली, तर मांगराच्या मोरीच्या भोकातून आरीण बाहेर पडत होती. पडतच होती. तोंड विहिरीपाशी पोचलं तरी शेपटी अजून मांगरात. विहिरीला वळसा घालून ती सरसर बांबूच्या बेटात शिरली आणि दिसेनाशी झाली.

काशीबाईने दार उघडलं. आत धूरच धूर. तिने उघड्या हाताने शेगडी ओढून बाहेर काढली, बोटं भाजली, तिला कळलंही नाही. अंडी उघडी पडली होती.

"लेकरांच्या आवशीक मिया हाकलून दिलंय," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

पुढचा सगळा वेळ तिने वेड्यासारखा घालवला. खुडूक कोंबडी आणून अंड्यांवर बसवली. कोंबडीने खाली वाकून एकदा वास घेतला आणि किंचाळत जी सुटली ती थेट कौलांवर. मग काशीबाईने वाकळ आणून अंड्यांवर पांघरली. मग वाकळीखाली स्वतःचे तळवे घातले. अंड्यांची सालं कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नव्हती, चामड्यासारखी मऊ होती, आणि अजून कोमट होती. तशीच ती बसून राहिली. पेज करपल्याचा वास आला तरी उठली नाही.

दुपारी दत्ताराम रजा टाकून वनरक्षकाला घेऊन आला. हरिश्चंद्र नाव त्याचं, देवगडकडचा. बोलायला शांत माणूस. त्याने आधी वाकळ बघितली, मग शेगडी, मग काशीबाईचं तोंड.

"काय झालं काकी?"

काशीबाईने सगळं सांगितलं. "हींव भरलेला तिका. कापत होती."

हरिश्चंद्र तिच्याशेजारी उकिडवा बसला. "कापत नव्हती काकी. अंडी उबवत होती. सापाचं अंग आपल्यासारखं आतून गरम नसतं. ऊन मिळालं तर तापतं, नाहीतर निवतं. पण अंड्यांवर बसलेली अजगराची मादी अंग आखडते, सोडते, आखडते, सोडते. त्याने तिचं अंग तापतं आणि अंड्यांना ऊब मिळते. हवा गार झाली की ती जास्त थरथरते. काल पाऊस झाला ना?"

काशीबाईने मान डोलावली.

"दोन महिने ती अशीच बसते, काही न खाता. थंडीत खाऊन ठेवलेलं असतं, त्यावर."

"थंडीत... म्हणजे माज्यो कोंबड्यो?"

"तुमच्या कोंबड्याच आता जळतायत तिच्या अंगात. आणि तिच्या ओठांवर बारीक खड्डे असतात, त्यांनी तिला दुरून उष्णता कळते. तुम्ही नेमके तोंडासमोर निखारे ठेवलेत." मग तिचा चेहरा बघून तो थांबला. "अंडी उलटीपालटी केलीत का?"

"नाय. चिकाटलेली आसत एकामेकांक."

"ते एक बरं झालं. ही अंडी फिरवली तर आतलं पिल्लू मरतं."

काशीबाईचे तळवे अजून वाकळीखालीच होते. "ती सोताच शेगडी होती," ती हळूच म्हणाली. "आणि मिया तिका शेक देऊक गेलंय. मेल्या माज्या अकलेक काय झाला!"

हरिश्चंद्राने सरळ सांगितलं. अंडी खोक्यात भुसा घालून नेता येतील, वर बल्ब लावता येईल. पण वीज दिवसातून किती वेळ जाते ते सगळ्यांना माहीत. काही जगतील, काही नाही जगणार. नाहीतर वाकळ काढायची, दार उघडं टाकायचं, आणि माणसाने लांब राहायचं. "बहुतेक वेळा मादी परत येते. पण इथे धुराचा वास आहे, माणसाचा वास आहे. खात्रीने नाही सांगू शकत. संध्याकाळनंतर हवा निवली तर अंडी गेली. खोक्यात न्यायची तर आत्ताच. ठरवायचं मला आहे, पण मी इथे राखण करत बसू शकत नाही. माणसं लांब ठेवायची ती तुम्हीच ठेवणार, म्हणून तुम्हाला विचारतो."

"आये, देऊन टाक," दत्ताराम म्हणाला. "ती काय येवची नाय."

काशीबाईने आयुष्यभर एकच गोष्ट केली होती, अडलं की हात घालायचा. हात घातला म्हणून पोरं जगली होती. आत्ता या घटकेला हाताखाली उबदार अंडी होती आणि हात काढला की ती निवायला लागणार होती. मग तिने एक हात काढला, मग दुसरा काढला, मग वाकळ उचलून खांद्यावर टाकली.

"तिचा ता तिका ठेवा," ती म्हणाली. "मिया आता आणखी हात लावलंय तर आणखी कायतरी करून ठेवीन."

हरिश्चंद्र गेला. काशीबाई पडवीत मांगराकडे पाठ करून बसली. दत्तारामाला चैन पडेना. "आये, जाऊन बघू काय? वायच डोकावून?"

"गप बस. बाळंतपणां बिघडतत ती वरचेवर डोकावणाऱ्यांमुळे." पण म्हणताना तिचा स्वतःचा पाय उंबरठ्यावर आपटत होता. ऊन कलायला लागलं. बांबूच्या बेटात पान हललं की तिचा श्वास अडायचा, आणि निघायचा नुसता वारा. मनातल्या मनात ती देवीशी भांडत होती. माझ्या चुकीची शिक्षा मला दे, त्या पोरांना कशाला देतेस? त्यांनी तुझं काय वाकडं केलंय? असली भांडणं देवीला नवी नव्हती. काशीबाईच्या प्रत्येक अडलेल्या बाळंतपणात ती ऐकून घेत आली होती.

दिवेलागणीच्या आधी कोंबड्या एकदम कलकलल्या आणि उड्या मारून पडवीत आल्या. एक तर काशीबाईच्या मांडीवरच. तिने मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघितलं. बेटातून आरीण निघाली होती. परड्याच्या मध्यावर येऊन ती थांबली. जीभ बाहेर, आत, बाहेर. शेगडी जिथे उलथी पडली होती तिथे डोकं वळवून बराच वेळ थांबली. दत्ताराम उठायला गेला तसं काशीबाईने त्याचं मनगट असं आवळलं की तो खाली बसला. मग आरीण सावकाश पुढे सरकली, मोरीच्या भोकात तोंड घातलं, आणि तिच्यामागून तिचं सगळं अंग आत ओढलं गेलं. सोडणं करकरली. मग पुन्हा करकरली.

"इली," काशीबाई म्हणाली. "इली गो माजी बाय." आणि पदर तोंडात कोंबून ती ढसाढसा रडली. बाप गेला तेव्हाही दत्तारामाने आईला असं रडताना बघितलं नव्हतं. तो घाबरून पाणी आणायला धावला.

त्यानंतर काशीबाई मांगराच्या दाराशी गेली नाही. "कशी आसस गो?" ते विहिरीपाशी उभं राहून विचारायचं. बाबलीची पालखी झाली. खांदा शाबूत राहिला. तरीही तो रोज कुंपणापाशी येऊन चौकशी करायला लागला, आणि वाडीत कोणी चरबीचं नाव काढलं तर तोच आता अंगावर जायचा.

ज्येष्ठात एका सकाळी परड्यातल्या ओल्या मातीत मांगरापासून बेटापर्यंत रुंद पट्टा उमटलेला दिसला. आरीण गेली होती. काशीबाईने दार लोटलं. हरिश्चंद्राने सांगून ठेवलं होतं, की पिल्लं स्वतः साल चिरतील, आई पुढे काही बघायची नाही, आणि तुम्ही मदत करू नका. सालं चिरलेली होती. बरीच रिकामी, चोळामोळा झालेली. काही पिल्लं सोडणांतून भिंतीकडे सरकत होती, हातभर लांब, आईसारखीच नक्षी अंगावर.

"दहा दिवस नाय, बारसा नाय, आणि आवस गेली?" काशीबाईला ते काही पटलं नाही. ती उंबरठ्यावर बसली.

एक पिल्लू मागे राहिलं होतं. सालीच्या चिरेतून नुसतं डोकं बाहेर, डोळे उघडे, बाकी सगळं आत. बाहेर यायचं, थकायचं, परत आत जायचं. काशीबाईचं बोट आपोआप पुढे झालं. एवढीशी साल! नख लावलं असतं तर फाटली असती. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले, आणि हात नसले तर सुईण जे करू शकते तेवढंच केलं. बोलत राहिली. "ये, माज्या राजा. घाई नाय. दम घे. आता परत. अस्सा! वायच आणखी." किती वेळ गेला कोण जाणे. पिल्लू बाहेर आलं, सोडणावरून घसरलं, आणि तिच्या पावलाजवळून, तिची कसली ओळख न दाखवता, मोरीच्या उजेडाकडे निघून गेलं. काशीबाई सवयीने कान देऊन बसली होती. ते रडायची वाट बघत होती.

मग तिने अंडी बघितली. दाराकडची, शेगडी ठेवली होती त्या बाजूची काही तशीच होती. पिवळी पडलेली, आत दबलेली. ती तिने पदरात घेतली आणि माडाच्या मुळाशी खड्डा करून ठेवली. जी रडली नाहीत ती पोरं तिने आयुष्यभर तिथेच ठेवली होती. "चुकलंय रे बाबांनो," ती म्हणाली, "माजा चुकला." आणि माती सारखी केली.

नंतर विहिरीवर जाऊन तिने कळशीमागून कळशी डोक्यावर ओतली. बाळंतपण उरकलं की सुईण डोक्यावरून न्हाते, त्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. कुंपणापलीकडून बाबलीने बघितलं.

"काय गो काकी, सकाळीच डोक्यावरसून न्हालंस?"

"बाळंतपण करून इलंय."

"तू केलंस?" तो हसला. "आराची पोरां आपसूक जल्मतत. तू हात तरी लावलंस काय?"

काशीबाईने केस पिळले. भाजलेल्या बोटांवरचे डाग अजून गेले नव्हते.

"नाय लावलंय," ती म्हणाली. "ताच केलंय."

बाबलीला त्यातलं काही कळलं नाही. तो चहा मिळेल काय विचारत कुंपण ओलांडून आला, आणि ती ओल्या लुगड्यानेच चूल पेटवायला आत गेली.